आडनावाची चौकट

आमच्या विदर्भात मुसलमान पुरुषाचं पूर्ण नाव बहुतेकदा असं असतं: शेख रहीम शेख करीम. रहीम हा मुलगा, करीम हे त्याचे वडील. 'शेख' दोनदा येतो, कारण तो दोघांच्याही नावाआधी लागतो. सय्यदांचंही तसंच. खान मात्र मागे येतो: अयूब खान यूसुफ खान. मिर्झा पुढे लागतो आणि बेग मागे, म्हणजे एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी टेकू. अब्दुल सत्तार अब्दुल रज्जाक या नावात तर शेखही नाही आणि खानही नाही. सत्तार हा मुलगा, रज्जाक हे वडील, आणि 'अब्दुल' म्हणजे 'चा बंदा', जो पुढच्या शब्दापासून तोडताच येत नाही.

ही नावं वाचायला नागपुरात कुणाला अडचण येत नाही. मोमीनपुऱ्यातला किराणा दुकानदार उधारीच्या वहीत ती बिनचूक लिहितो. शाळेतल्या बाई हजेरी घेताना बरोबर हाक मारतात. अडचण सुरू होते ती समोर तीन कप्प्यांचा फॉर्म आला की. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्ही कप्प्यांपुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

हे कप्पे आकाशातून पडत नाहीत. कुठेतरी कुणीतरी बसून ते आखलेले असतात, आणि प्रोग्राम लिहिण्याआधी ते बहुधा एका आकृतीत आखले जातात. त्या आकृतीला क्लास डायग्राम म्हणतात. मी ती शिकवते. बीसीए आणि एमसीएच्या मुलामुलींना, शनिवार-रविवारी, नागपुरातच. त्यामुळे या लेखात थोडं तंत्र येईल. पण ज्यांचा संगणकाशी संबंध फक्त अर्ज भरण्यापुरता आहे, त्यांनीही सोबत राहावं. त्यांच्याच नावाची गोष्ट आहे.

क्लास डायग्राम म्हणजे चौकटी आणि रेषा. एक चौकट म्हणजे एक क्लास, एका जातीच्या वस्तूंचा साचा. चौकटीचे तीन मजले असतात. वरच्या मजल्यावर क्लासचं नाव, समजा 'विद्यार्थी'. मधल्या मजल्यावर त्याच्याबद्दल काय काय साठवायचं ते: नाव, जन्मतारीख, पत्ता. खालच्या मजल्यावर तो काय काय करू शकतो ते: प्रवेश घेणे, फी भरणे. साचा एक, आणि त्यातून निघणारे विद्यार्थी हजारो. त्या प्रत्येकाला ऑब्जेक्ट म्हणतात.

दोन चौकटींमधली रेषा म्हणजे त्यांचं नातं. मशीद आणि तिचा मिनार यांच्यात रेषा काढली, तर मशिदीच्या टोकाला भरीव काळा चौकोन येतो, कारण मशीद पाडली की मिनारही गेला. संत्र्याची पेटी आणि संत्री यांच्यात पोकळ चौकोन येतो; कळमन्याच्या बाजारात पेटी रिकामी केली तरी संत्री संत्रीच राहतात. मशीद आणि इमामसाहेब यांच्यात साधी रेषा पुरते. ते आज इथे आहेत, उद्या दुसऱ्या मशिदीत असतील. आणि रेषेच्या टोकाला बारीक आकडे लिहितात: १ म्हणजे नेमका एक, ०..१ म्हणजे असेल तर एक, नाहीतर नाही, आणि १ पुढे दोन टिंबं नि एक चांदणी म्हणजे कमीत कमी एक, जास्त कितीही. चौकटीतल्या माहितीपुढेही हेच आकडे लिहिता येतात.

वस्तूंच्या भाषेत प्रोग्राम लिहायची ही रीत नॉर्वेतून आली. ऑस्लोत ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६७ मध्ये सिम्युला ६७ ही भाषा मांडली. खऱ्या जगातले व्यवहार संगणकात हुबेहूब चालवून बघावेत, हा त्यांचा हेतू होता. नंतर तीस वर्षांत आकृत्या काढायच्या इतक्या पद्धती निघाल्या की एकाची आकृती दुसऱ्याला वाचता येईना. शेवटी ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र केल्या, आणि १९९७ मध्ये यूएमएल ही समाईक चित्रभाषा मान्य झाली. आज ऑस्लोतला आणि नागपूरच्या मिहानमधला अभियंता एकच आकृती वाचू शकतात, ते तेव्हापासून.

सगळ्या पाठ्यपुस्तकांत भरीव चौकोन आणि पोकळ चौकोन यांतला फरक पानंच्या पानं समजावलेला असतो. परीक्षेतही तोच विचारतात. आकड्यांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. माझ्या मते माणसाच्या आयुष्यावर सर्वांत जास्त परिणाम त्या बारीक आकड्यांचाच होतो. 'आडनाव' या शब्दापुढे १ लिहायचं की ०..१, एवढाच प्रश्न असतो. १ लिहिलं की आडनाव नसलेला माणूस त्या प्रोग्रामच्या जगात जन्मालाच येऊ शकत नाही. त्याला आडनाव तयार करावं लागतं.

आणि आम्ही ती तयार केली. शेख रहीम शेख करीम यांचं दहावीच्या गुणपत्रिकेवर 'शेख रहीम करीम' झालं, कारण तिथे आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, अशी महाराष्ट्राची रीत आहे आणि योगायोगाने शेख आधीच पुढे उभा होता. दुसरा शेख गळला. मग कुठल्याशा कार्डावर तेच 'रहीम करीम शेख' झालं. आधारवर नावासाठी एकच जागा असते, तिथे 'शेख रहीम' एवढंच आलं. पॅनचा अर्ज वर्षानुवर्षं आडनावापासून सुरू होत आला आहे, आणि एकच नाव असलेल्याने ते आडनावाच्या कप्प्यात लिहावं अशी त्याची सूचना. तिथे कुणी 'करीम' हेच आडनाव केलं. शिवाय रोमन लिपीत शेखचं स्पेलिंग चार तऱ्हांनी होतं आणि मोहम्मदचं त्याहून जास्त. माणूस एक, कागद पाच, नावं पाच. आधार आणि पॅन जोडायची मुदत ३० जून २०२३ ला संपत होती, तेव्हा नागपुरातल्या कुठल्याही सेतू केंद्राबाहेर उभं राहिलं असतं तर या पाच नावांची रांग दिसली असती.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सगळ्या मराठी मुसलमानांची नावं अशी नसतात. कोकणात आडनावं आहेत: दलवाई, परकार, मुकादम. पश्चिम महाराष्ट्रात मुलाणी, बागवान, तांबोळी, अत्तार आहेत. धंद्यावरून पडलेली, मराठी कानाला ओळखीची. नागपूर-कामठीकडे अन्सारी आहेत, आणि ते तीन कप्प्यांत बरे बसतात. म्हणजे एकाच राज्यात, एकाच धर्मात, नावाचे चार-पाच साचे आहेत. आणि हा फक्त मुसलमानांचा प्रश्न नाही. एपीजे अब्दुल कलाम यांच्या पूर्ण नावात जैनुलाब्दीन हे वडिलांचं नाव मध्ये येतं आणि स्वतःचं नाव, अब्दुल कलाम, शेवटी. दक्षिणेत असंच चालतं, हिंदूंमध्येही. आपल्या भाषेत 'कलामसाहेब' हे आडनावासारखं रुळलं, पण त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव तेच होतं.

याहून मजेची गोष्ट संगणकवाल्यांच्या घरातलीच आहे. ज्याला आम्ही अल्गोरिदम म्हणतो, तो शब्द नवव्या शतकातल्या मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला. पण त्यातलं 'अल-ख्वारिझ्मी' हे आडनाव नाही. ख्वारिझम प्रांताचा, एवढाच त्याचा अर्थ. अरबी परंपरेत पूर्ण नावाचे पाच भाग मानतात: इस्म म्हणजे स्वतःचं नाव, नसब म्हणजे 'इब्न'ची साखळी, कुनिया म्हणजे अमक्याचे अब्बा किंवा अमकीची अम्मा, लकब म्हणजे उपाधी, आणि निस्बा म्हणजे गाव, प्रांत किंवा कबिला. पाचही प्रत्येकाला असतातच असं नाही. ज्याच्या नावावरून आपली सगळी विद्या ओळखली जाते, त्या माणसाला आपल्याच तीन कप्प्यांच्या फॉर्मवर अर्ज भरता आला नसता, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. मग जरा गप्प होतात, कारण वर्गातल्या निम्म्यांच्या कागदांवर हाच घोळ असतो.

एका मुलीने तेव्हाच विचारलं होतं, "मॅडम, फिर मेरा सरनेम क्या है?" तिच्या नावात शेवटी 'फिरदौस' होतं. मी म्हटलं, तुझ्या नावात आडनाव नाही. तिला ते सांगूनही पटेना. आडनाव नसणं म्हणजे काहीतरी कमी असणं, असं तिला शाळेपासून प्रत्येक फॉर्मने शिकवलं होतं.

बायकांच्या नावांची कथा वेगळीच आहे, आणि ती मला घरातून माहीत आहे. माझ्या नावात दुसरा शब्द 'परवीन' आहे. मधल्या बहिणीच्या नावात 'अंजुम', धाकटीच्या 'नाझ'. हे शब्द ना वडिलांचे, ना घराण्याचे. मुलीच्या नावाला शोभा म्हणून जोडलेले, ऐकायला गोड. अम्मीच्या नावापुढे 'बी' आहे, तिच्या पिढीत सगळ्यांच्या असायचं. अब्बांच्या इंतकालानंतर वारसांच्या नोंदीचं काम निघालं. एका कार्यालयातल्या संगणकाने प्रत्येक नावाचा शेवटचा शब्द आडनाव म्हणून उचलला. आम्हा बहिणींच्या आधारवर दोनच शब्द, म्हणून आमची आडनावं परवीन, अंजुम आणि नाझ झाली. अम्मीचं झालं बी. भावाच्या नावाचा शेवटचा शब्द म्हणजे अब्बांचं नाव, तेच त्याचं आडनाव. आणि अब्बांचं आडनाव झालं आमच्या दादांचं नाव. एका छताखाली राहिलेल्या सहा माणसांची सहा आडनावं, म्हणजे सहा कुटुंबं. पडद्यावर लाल अक्षरं: कुटुंब जुळत नाही.

टेबलामागच्या बाई भल्या होत्या. "ताई, मला दिसतंय तुम्ही बहिणी आहात, पण हे घेतच नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी दोनदा, तीनदा करून पाहिलं. मग नोटरी, स्टँप पेपर, 'खालील दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत' अशी चार प्रतिज्ञापत्रं. धाकटी कामठीहून दर वेळी सुट्टी टाकून यायची. काम झालं, पण मधले तीन महिने अम्मीच्या हाताशी पैसा नव्हता, आणि तिला एकच प्रश्न पडला होता: तुझ्या अब्बांची मुलं कोण, हे ते यंत्र कोणाला विचारत होतं?

अम्मीला क्लास डायग्राम माहीत नाही, पण तिचा प्रश्न आकृतीच्या भाषेत तंतोतंत बसतो. बाप-लेकीचं नातं ही दोन माणसांमधली रेषा आहे. ती रेषा त्या प्रोग्रामच्या आकृतीत नव्हतीच. तिच्या जागी एक गृहीतक होतं: ज्यांचा शेवटचा शब्द सारखा, ते एका घरचे. देशमुख आणि ठाकरे यांच्या घरी ते बहुतेक वेळा खरं निघतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथेही ते खरं असतंच असं नाही. लग्न झालेल्या मुलीचं आडनाव बदललं की तीही माहेरच्या कुटुंबातून गळते. आमच्या घरी ते पहिल्याच पायरीवर पडलं, एवढाच फरक.

नीट पाहिलं तर विदर्भातलं आमचं नाव ही रेषा उघडपणे दाखवतं. 'शेख करीम' हा रहीमच्या नावाचा तुकडा नाही. ते दुसऱ्या माणसाचं पूर्ण नाव आहे, त्याच्या स्वतःच्या शेखसकट. म्हणजे आमच्या जुन्या लोकांनी नावात वडिलांचा नुसता शब्द घेतला नाही, अख्खे वडील आणून शेजारी उभे केले. आकृतीत हे काढायचं तर 'व्यक्ती' या चौकटीतून एक रेषा निघते आणि वळून 'व्यक्ती' याच चौकटीकडे परत येते, कारण वडीलही व्यक्तीच. रेषेच्या टोकाला लिहायचं 'वडील', आणि आकडा ०..१, कारण काहींचे वडील नोंदीत नसतात. तशीच दुसरी रेषा 'आई'ची. शेखांच्या नावात ही आकृती आधीपासून आहे. तीन कप्प्यांनी ती मोडली.

याच जागी वर्गात हमखास इन्हेरिटन्सचा विषय निघतो. एका क्लासचे गुण दुसऱ्या क्लासला आपोआप मिळतात त्याला इन्हेरिटन्स म्हणतात, आणि ते शिकवताना सगळीकडे एकच उदाहरण दिलं जातं: बापाची इस्टेट मुलाला मिळते, तसं. हे उदाहरण सोपं आहे पण फसवं आहे. इन्हेरिटन्सची खरी कसोटी वेगळी: खालचा हा वरच्याचा एक प्रकार आहे का? बस हा वाहनाचा प्रकार आहे, म्हणून बसला वाहनाचे गुण मिळतात. मुलगा हा बापाचा प्रकार नाही. तो स्वतंत्र माणूस आहे. बाप आणि मुलगा एकाच 'व्यक्ती' साच्यातून निघालेले दोन ऑब्जेक्ट आहेत, त्यांच्यात फक्त रेषा आहे.

आणि खऱ्या वारशाचं काय? मी मुलांना आपल्याच फराइजचं, म्हणजे वारसा हिशेबाचं उदाहरण देते. अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावरच्या आपल्या ग्रंथाचा मोठा भाग याच हिशेबांना दिला होता, इतका तो गुंतागुंतीचा आहे. मयताला मुलंबाळं असतील तर विधवेचा हिस्सा एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. मुलंबाळं असतील तर मयताच्या आईला एक षष्ठांश. मुलासोबत वाटणी असेल तर मुलीला मुलाच्या निम्मा. आता एकच बाई घ्या. नवरा गेला तेव्हा ती विधवा म्हणून वारस, मुलगा गेला तेव्हा आई म्हणून, वडील गेले तेव्हा मुलगी म्हणून. 'विधवा', 'आई', 'मुलगी' अशा तीन चौकटी काढल्या तर ती एक बाई कुठल्या चौकटीत बसवणार? आणि तिचा हिस्सा कुठे लिहिणार? तिच्या चौकटीत लिहिता येत नाही, कारण तो दर वेळी वेगळा. मयताच्या चौकटीतही नाही, कारण त्याचे वारस अनेक. हिस्सा हा दोघांमधल्या नात्याचा गुण आहे. यूएमएलमध्ये अशा वेळी रेषेलाच तुटक रेघेने एक चौकट लटकवतात, असोसिएशन क्लास म्हणतात तिला. त्यात हिस्सा लिहायचा. वर्गातल्या मुलांना असोसिएशन क्लास पुस्तकातून कळत नाही, घरातल्या वाटणीवरून पाच मिनिटांत कळतो.

नावालाही हाच उपाय लागू पडतो. नाव हा माणसाच्या चौकटीतला एक कप्पा मानला की भांडण सुरू होतं: कुठलं नाव खरं? त्याऐवजी 'नाव' हीच एक वेगळी चौकट करावी. तिच्यात पूर्ण नाव जसंच्या तसं, एका ओळीत. सोबत लिपी, कुठल्या कागदावरून घेतलं, कधीपासून. हाक मारायचं नाव वेगळं. आडनाव ०..१. आणि व्यक्तीपासून या चौकटीकडे जाणाऱ्या रेषेवर 'कमीत कमी एक, जास्त कितीही' असा आकडा. शेख रहीम यांची पाच नावं मग पाच गुन्हे राहत नाहीत, एका माणसाच्या पाच नोंदी होतात. गुणपत्रिकेवर हे, पॅनवर ते, दोन्ही त्याचीच. लग्नानंतर एखादीने नाव बदललं किंवा नाही बदललं, दोन्हींना जागा आहे.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली नवलाई नाही. दवाखान्यांच्या नोंदी एकमेकांना पाठवण्यासाठी एफएचआयआर नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आपल्याकडचं आयुष्मान भारत डिजिटल मिशनही तेच वापरतं. त्यात नाव हा स्वतंत्र प्रकार आहे, एका रुग्णाला कितीही नावं असू शकतात, पूर्ण नाव एका ओळीत लिहायची सोय आहे आणि कुटुंबाचं नाव असलंच पाहिजे अशी सक्ती नाही. जगभरच्या पासपोर्टचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनेही नावाच्या दोन भागांना 'प्राथमिक ओळख' आणि 'दुय्यम ओळख' म्हटलं आहे, आडनाव म्हटलेलं नाही. म्हणजे ज्यांना सगळ्या देशांच्या नावांशी रोज काम पडतं, त्यांनी चौकट सैल केली.

जिथे सैल केली नाही तिथे काय होतं, तेही दिसलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने ठरवलं की पासपोर्टवर एकच नाव असलेल्या पर्यटकाला प्रवेश नाही. भारतातून जाणाऱ्यांची विमानतळावर पंचाईत झाली. मग खुलासा आला: पासपोर्टच्या मागच्या पानावर वडिलांचं नाव असेल तर ते दुसरं नाव म्हणून चालेल. शेवटी वडिलांकडे जाणारी रेषाच कामाला आली. अरबांच्या देशात हे घडावं, जिथे 'इब्न'ची परंपरा जन्मली, याचं मला आजही नवल वाटतं.

आणि चौकट कायमची नसते हेही आपण इथेच पाहिलं. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ ला निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असेल. निर्णय चांगला आहे, आईची रेषा आता कागदावर आली. पण ज्यांनी आपापल्या प्रोग्रामात तीनच कप्पे पक्के बांधले होते त्यांना भिंती फोडाव्या लागणार. ज्यांच्याकडे नाव ही वेगळी चौकट होती आणि आईकडे जाणारी रेषा होती, त्यांना फक्त छापायचा क्रम बदलायचा. आणि शेखांच्या घरातल्या नव्या बाळाचं आडनाव कुठलं, हा प्रश्न तिथेही उभा आहे.

कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला, सगळ्यांनी एकदाचं एक आडनाव घेऊन टाकावं. बरीच मंडळी घेतातही. आमच्याच मोहल्ल्यात हल्ली मुलींच्या जन्मदाखल्यावर शेवटी 'शेख' लावतात, पुढे त्रास नको म्हणून. ती सोय आहे, मी कुणाला अडवत नाही. पण साठीतल्या माणसाला पेन्शनच्या टेबलापुढे हे सांगून काय उपयोग? त्याचं नाव त्याच्या बापाने ठेवलं तेव्हा प्रोग्राम नव्हता. आकृती काढणाऱ्याचं काम आहे त्या जगाची नक्कल उतरवणं आहे, डाल आणि नीगार्ड यांनी सुरुवात तिथूनच केली होती. नकलेसाठी अस्सल बदलायला सांगणं हे काम उलटं झालं.

म्हणून 'विद्यार्थी' किंवा 'ग्राहक' अशी पहिली चौकट काढायच्या आधी मी मुलांना एक काम देते. आपल्या गल्लीतल्या दहा माणसांची नावं लिहून आणा, ते स्वतः सांगतात तशी. शेजारचे मेश्राम, कोपऱ्यावरचे गुप्ता, मशिदीतले मुअज्जिन, सिरोंच्याकडून आलेले तेलुगूभाषक भाडेकरू, आपली नानी. मग त्या दहाही नावांना तुमची चौकट लावून बघा. ज्याच्यावर अडेल तिथे माणूस नाही बदलायचा, आकडा बदलायचा. दहा नावांत सहसा दोन-तीन वेळा तरी चौकट मोडते, आणि एकदा मोडलेली पाहिली की मुलं पुन्हा कधी न विचारता '१' लिहीत नाहीत.

परीक्षेचा प्रश्न उरतो. नमुना उत्तरात पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव असे तीन कप्पे असतात आणि त्यांना गुण असतात. मुलं विचारतात, मॅडम, पेपरमध्ये काय लिहायचं? मी सांगते, तीन कप्पे काढा, गुण घ्या. पण यूएमएलमध्ये आणखी एक छोटं चिन्ह आहे, उजवा कोपरा दुमडलेला कागद. त्याला नोट म्हणतात. तुटक रेघेने तो कुठल्याही चौकटीला जोडता येतो आणि त्यात साध्या भाषेत काहीही लिहिता येतं. त्यात एक ओळ लिहून या: आडनाव असेलच असं नाही. गेल्या वर्षी सव्वीस जणांनी पेपरात ती लिहिली, असं त्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. 'फिरदौस'वाली मुलगीही त्यांत होती.